भुसावळच्या उन्हात बोआ: मोठा साप पाळायची माझी तयारी आहे का?

तापीतीर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारी गोष्ट इथे मांडतोय. मला बोआ कन्स्ट्रिक्टर पाळायचा आहे.

हौस आजची नाही. कॉलेजात असल्यापासून आमच्याकडच्या एका सर्पमित्र दादांबरोबर जातो. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हाताळलेत. नाग, घोणस दादाच पकडतात, मी बरणी धरून उभा असतो. सापाची भीती नाही, आणि बोआबद्दल मिळेल ते वाचलंय.

घरची परिस्थिती अशी: भुसावळला स्लॅबचं घर, माझी खोली वरच्या मजल्यावर. घरात आई-वडील, माळकरी आजोबा, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. नोकरी पक्की आहे, पण शिफ्टची. यावल तालुक्यात आमचं जुनं धाब्याचं घर आहे, तिथे काका-काकू राहतात.

पाळू की नको, असा कौल मागत नाहीये. आपण खरंच तयार आहोत की नुसती हौस आहे, हे स्वतःचं स्वतः कसं तपासायचं ते जाणकारांकडून हवंय. एका ओळखीच्या माणसाकडे पिल्लू आहे. "आधी घेऊन जा, कागदांचं नंतर बघू" असं तो म्हणतो.

कोर्टाची पायरी

शेवटच्या वाक्यापाशीच थांबा. कागद नंतर होत नाहीत.

आपल्या मातीतला कुठलाही साप घरी पाळता येत नाही, हे तुम्हाला सर्पमित्रांकडून माहीत असेलच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अजगर अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. 'बर्मीज पायथन' आणि 'रेटिक्युलेटेड पायथन' विदेशी म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं तरी हे दोन्ही भारतातही आढळतात, एक ईशान्येकडे आणि दुसरा निकोबारातही. त्यामुळे त्यांनाही हाच कायदा लागतो.

बोआ अमेरिका खंडातला, आपल्याकडचा नाही. पण तो साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि तिच्यात साइटीसमधल्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण घातलंय. त्याखालचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. आता प्राणी कोणाकडून कोणाकडे गेला, पिल्लं झाली, मेला, प्रत्येक गोष्ट कळवावी लागते.

म्हणून त्या माणसाला एकच विचारा: तुमच्या नावावरची नोंदणी दाखवा आणि हस्तांतर माझ्या नावावर करून द्या. दाखवू शकला नाही तर तो प्राणी कुठून आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगेतून साप निघाल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात. जे साप तपासणीतून सुटतात ते कुठेतरी विकलेच जातात.

कपाशीवाला पारोळा

वकीलसाहेबांना अनुमोदन. मी शेतकरी माणूस, बोआ कधी पाह्यला नाही. पण वाचताना वाटलं की हा पोरगा उंदीर वावरातले आणून घालेल. भाऊ, मन्हं सांगनं इतलंच शे, वावरना उंदीर त्याले देऊ नको. आम्ही झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतो, कोणी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतं. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो. तो खाल्ला की घुबडं मरतात, मांजरी मरतात. सापाचं वेगळं काय होणार?

शिरपूरची लेक

तापीतीर, "पाळू का" न विचारता "तयार आहे का" विचारलंत म्हणून वेळ काढून लिहितेय. मी मूळची शिरपूरची, लग्नानंतर नाशिकला. माझ्याकडे बोआची मादी आहे, नोंदणीसकट, साडेसात फुटांची.

सापाची भीती नसणं ही तयारी नव्हे. सर्पमित्राचं काम मोठं आहे, जिवावरचं आहे, पण ते थोड्या वेळाचं असतं. साप पकडला, वनखात्याला कळवलं, योग्य जागी सोडला. पाळलेला साप तुमच्या हातात दिवसातले फार तर दहा मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ तो एका पेटीत असतो, आणि त्या पेटीतली हवा, ऊब, ओल, पाणी हे सगळं तुम्ही ठरवता. रानातला साप ऊन लागलं तर बिळात जातो. याला जायला जागा नसते. म्हणून तपासायची असेल तर हाताची नको, खोलीची तयारी तपासा.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. बोआबद्दलचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं आहे. त्यात पानंच्या पानं पेटी गरम कशी करायची यावर. बोआला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतं. या दोन टोकांमध्ये तो स्वतः सरकत राहतो आणि अंगाचं तापमान सांभाळतो. युरोपात गरम टोक तयार करणं कठीण. भुसावळला मे महिन्यात गार टोक कुठून आणणार? बाहेर ४५ च्या वर पारा, स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरालाही भट्टीसारखी. चाळिशीच्या आसपासच्या बंद पेटीत साप काही तासांत दगावू शकतो, आणि तो ओरडत नाही, विव्हळत नाही. तुम्ही शिफ्टवरून घरी याल तेव्हाच कळेल.

कूलर लावेन म्हणाल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपला डेझर्ट कूलर सापाच्या दृष्टीनं चांगलाच आहे, खोली गार करतो आणि हवेत ओलही आणतो, जी बोआला हवी असते. पण लाइट गेली की पंधरा मिनिटांत खोली परत तापायला लागते. शिवाय जूनच्या सुरुवातीला वळवाचे ढग आले, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, उकाडा मात्र तसाच असतो. पुढे पावसाळाभर तळाचा भुसा ओला राहिला तर पोटाखालचे खवले सडायला लागतात. आणि डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पुन्हा गरम करणं आलंच. गरम करायला जे काही लावाल ते थर्मोस्टॅटशिवाय नको. सापाच्या पोटाला चटका बसतोय हे त्याला वेळेवर कळत नाही, तो त्याच जागी पडून राहतो आणि भाजतो.

एसी आणि त्यामागे तेवढी ताकद असलेला इन्व्हर्टर, किंवा मुळातच गार राहणारी जागा. या दोनपैकी एक तुमच्याकडे आहे का? नसेल तर बाकीचे प्रश्न नंतर.

आकाराचं. पिल्लू दीड फुटाचं असतं, मनगटाला गुंडाळून बसतं, कोणालाही मोह होईल. तीन-चार वर्षांत सहा फूट होतो. माद्या मोठ्या, आठ फुटांपर्यंत जातात, कधी त्याहून जास्त. आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद पेटीची जागा आत्ताच मोजून ठेवा. प्लायवूडची, समोरून सरकत्या काचेची, काचेला कुलूप. कुलूप शोभेचं नाही. साप रोज रात्री प्रत्येक फट नाकानं ढकलून बघतो.

मोठा साप एकट्यानं बाहेर काढू नये, घरात दुसरं मोठं माणूस हवंच. आणि त्यानं नुसतं दारात उभं राहून चालणार नाही, शेपटीकडून वेटोळं उलगडायला त्यालाही यायला हवं. बोआ भक्ष्याला गुदमरवून मारतो असं आपण ऐकत आलो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की विळख्यानं भक्ष्याचा रक्तप्रवाहच थांबतो, तोही काही सेकंदांत. बोआनं मोठ्या माणसाला मारणं ही अगदी क्वचितची गोष्ट, पण अन्नाचा वास हाताला असताना पेटीत हात घालणं हा शुद्ध निष्काळजीपणा.

आणि वर्षं. बोआ २० ते ३० वर्षं जगतो. तुमचं लग्न, बदली, मुलं, आई-वडिलांचं म्हातारपण, हे सगळं या एका सापाच्या आयुष्यात येणार आहे. मी बाहेरगावी गेले की माझी नणंद तापमान बघते, पाणी बदलते. ती शिकली म्हणून मला जाता येतं.

जळगावची आई

ताईंनी सगळं लिहिलंय, मी घरातल्या माणसांबद्दल विचारते. तापीतीर, तुमच्या वहिनीला विचारलंत का?

दोन वर्षांचं लेकरू घरात आहे म्हणून विचारतेय. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असतात, साप अगदी ठणठणीत दिसत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना त्याचा त्रास मोठा होतो. साप हाताळून तुम्ही हात धुवाल, पण पाण्याचं भांडं कुठे घासणार? स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये? पेटीतला भुसा झाडून कुठे टाकणार? अंगावरच्या शर्टानं पुतणीला उचलून घेणार का? दोन वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं.

आणि आजोबा माळकरी. उंदीर गोठवलेले ठेवायचे म्हणजे फ्रिज. घरातल्या फ्रिजमध्ये, जिथे एकादशीचा साबुदाणा भिजत असतो, तिथे उंदरांची पिशवी? त्यांना सांगून ठेवलं तरी त्यांचं मन दुखणार, न सांगता ठेवणं तर त्यांच्या विश्वासाला तडा. आपल्याकडे घर एकट्याचं नसतं. मला साप आवडत नाहीत म्हणून हे लिहिलेलं नाही. माझा मुलगा दहावीत आहे, त्यालाही प्राण्यांचं वेड आहे, म्हणून हा धागा वाचतेय.

तापीतीर

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, त्या माणसाला नोंदणीचं विचारलं. "असल्या गोष्टी कोण बघतं" म्हणाला. त्याला नाही कळवलंय.

जळगावच्या ताई, वहिनींशी बोललो नव्हतो. काल बोललो. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "माझी मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत या घरात नको." त्यांचं बरोबर आहे.

अन्नाबद्दल विचारायचं होतं. जिवंत उंदीर दिला तर काय? गोठवलेले इकडे मिळतच नाहीत.

शिरपूरची लेक

जिवंत देऊ नका. घाबरलेला उंदीर कोपऱ्यात सापडला की सापाला चावतो, डोळ्याला, ओठाला, पाठीला. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत उंदीर रात्रभर राहिला तर सापाला अक्षरशः कुरतडतो. आणि उंदराचे हाल होतात ते वेगळेच, तेही आपल्याच हातून.

गोठवलेले, खास पैदास केलेले उंदीर मोठ्या शहरांत मागवता येतात. तुम्हाला पुणे-मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून आणावे लागतील, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गाडीनंच. वेगळा छोटा डीप फ्रीजर हवा, घरचा नाही. देताना रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विरघळू द्यायचे, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवून अंगाला ऊब आणायची, लांब चिमट्यानं द्यायचे. मायक्रोवेव्ह नको, आतून फुटतात. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठी नको. पिल्लाला दहा दिवसांनी, मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा. पाळलेले बोआ उपाशी कमी मरतात, लठ्ठ होऊन जास्त मरतात. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटी करतो.

लाइट जाणं इथेही आडवं येतं. फ्रीजर बंद पडला आणि उंदीर एकदा विरघळले की ते परत गोठवायचे नाहीत, फेकायचे.

अमळनेरचा पशुवैद्य

धागा उशिरा पाहिला. माझा रोजचा व्यवसाय गाई-म्हशी, बैल, शेळ्या आणि हल्ली कुत्री. साप माझ्याकडे येतात ते जाळ्यात अडकलेले, नांगराच्या फाळानं कापलेले. टाके घालतो, वनखात्याच्या ताब्यात देतो. स्पष्ट सांगतो: पाळलेल्या बोआच्या दीर्घ आजारासाठी माझ्यावर अवलंबून राहू नका. खानदेशातल्या बहुतेक पशुवैद्यांची स्थिती हीच असेल. आम्हाला शिकवलं जातं ते मुख्यतः गुरांबद्दल.

का ते समजून घ्या. सापाला औषध देताना मागच्या अर्ध्या भागात सुई टोचायचं टाळतात, कारण तिकडचं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं. प्रतिजैविक दिलं तरी साप योग्य तापमानात नसेल तर ते नीट काम करत नाही, म्हणजे उपचार निम्मा पेटीतच होतो. एका गटाला चालणारं औषध दुसऱ्याला मारतं. आयव्हरमेक्टिन सापांना दिलं जातं, कासवाला दिलं तर जीव जातो. बोआ आणि पायथनमध्ये एक विषाणूजन्य आजार आहे ज्यावर उपाय नाही. साप आभाळाकडे मान वळवून बसतो, उलट्या करतो, तोल जातो. म्हणून नवा साप जुन्यापासून काही महिने वेगळ्या खोलीत ठेवतात.

घ्यायच्या आधी एक काम करा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा, पुण्यात, मुंबईत, जिथे मिळेल तिथे. फोन करा, फी विचारा, तुम्ही भुसावळहून येणार हे सांगा. रात्री अकराला साप तोंड उघडं ठेवून घरघरायला लागला तर सकाळपर्यंत काय करायचं, हे तेव्हाच विचारून ठेवा. आणि दर महिन्याला वजन करून वहीत लिहायची सवय लावा. साप आजार लपवतो, पण वजनाचा आकडा लपत नाही.

सातपुडा पायवाट

माझं मत वेगळं आहे. मोठा साप पेटीत ठेवावाच का? आठ फुटांचा साप आठ फुटांच्या पेटीत एकदा सरळ होतो, तेवढंच. सातपुड्यात पाल गावाच्या बाजूला, यावल अभयारण्यात हिवाळ्यात या. अजगर उन्हं खायला खडकावर आलेला दिसला की तो मला माझ्या खोलीत हवा, असं मनात येत नाही.

आणि एक भीती. पाळणाऱ्याला झेपलं नाही की तो सोडून देतो. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मीज पायथन असेच वाढले, पाळलेले सुटले किंवा सोडले गेले. २०१२ च्या अभ्यासात तिथले रॅकून आणि ओपोसम जवळजवळ दिसेनासे झाल्याचं आढळलं. त्याच वर्षी अमेरिकेनं बर्मीज पायथनची आयात बंद केली. बोआही अरुबा बेटावर आणि मेक्सिकोच्या कोझुमेलवर माणसानंच नेला आणि तिथे पसरला. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागा, बारमाही पाणी, उंदीर भरपूर, दाट सावली. तिथे कोणी बोआ सोडला तर त्याला भुसावळच्या खोलीपेक्षा जास्त मानवेल. सापडला तर अजगर समजून लोक मारतील, नाहीतर सर्पमित्र अजगर समजून सातपुड्यात सोडतील. दोन्ही वाईट.

शिरपूरची लेक

पायवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. माझी मादी पिंजऱ्यात जन्मलेली आहे, तिला रान नाही. तिच्यासाठी मी करू शकते ते करते: उंच फांदी, दडायला दोन जागा, अंग बुडेल एवढं पाणी. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. "झेपलं नाही तर कोणाला देणार?" हे नावानिशी आधी ठरलेलं हवं, आणि ते नाव नोंदणीत बसणारं हवं. "सोडून देऊ" हे उत्तर मनातसुद्धा असेल तर घेऊ नये.

नवा सभासद चोपडा

मध्येच विचारतो. आमच्या वावरात मांडूळ सापडलं आहे, दोन तोंडांचं. मोठं नाही, विषारी नाही. त्यापासून सुरुवात केली तर चालेल ना? किंमतही खूप येते म्हणतात.

कोर्टाची पायरी

नाही. मांडूळ आपला देशी, संरक्षित साप आहे. ठेवणं, विकणं दोन्ही गुन्हा. दोन तोंडं नसतात, बोथट शेपूट असते. लाखो-कोटींच्या किमतीच्या सगळ्या गोष्टी फसवणुकीच्या आहेत आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. जिथे सापडलं तिथेच सोडा. कोणी विकत मागायला आलं तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

कपाशीवाला पारोळा

चोपडेकर भाऊ, मांडूळ वावरात राहू द्या. माती पोखरून उंदराच्या बिळात शिरतं. ते काम पैसे देऊन कोणी करणार नाही.

जळगावची आई

तापीतीर, मोठ्या सापाच्या आधी छोटा घेणं हा मधला मार्ग आहे का? माझ्या मुलाला कोणीतरी बॉल पायथन सांगितलं.

शिरपूरची लेक

बॉल पायथन चार-पाच फुटांवर थांबतो, शांत असतो, एका माणसाला सांभाळता येतो. पण तोही साइटीसमधलाच, तीच नोंदणी. तापमानही साधारण तेच. आणि आयुष्य कमी समजू नका. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० साली साठी ओलांडलेली असताना अंडी घातली. तो हिवाळ्यात महिनोन्‌महिने खात नाही, आणि नवखा माणूस घाबरून त्याला रोज उंदीर दाखवत बसतो, त्यानं तो आणखी बिथरतो. त्यामुळे "सोपा" म्हणून नाही, आवडला तर घ्यावा. तुमच्या मुलाला आधी पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. तिथे मोठा साप दिवसभर काय करतो ते बघू द्या. बहुतेक वेळ काहीच करत नाही. ते काहीच न करणं ज्याला तासभर बघवतं, त्याला पाळणं जमेल.

तापीतीर

धागा खूप पुढे गेला, पुन्हा पुन्हा वाचला. माझ्यापुरतं जे ठरलं ते सांगतो.

भुसावळच्या घरी नाही. पुतणी लहान आहे, आजोबा आहेत, आणि माझी खोली. ताईंनी लिहिल्यावर खोलीत थर्मामीटर ठेवला. दुपारी तीनला बाहेर ४४, आणि खोलीत पंखा चालू असताना ४१. ही खोली माझी मलाच सोसत नाही.

रविवारी यावलला काकांकडे गेलो. धाब्याच्या घरात मधली खोली आहे, पूर्वी कणग्या असायच्या ती. भिंती दोन हातांच्या, वर मातीचं धाबं, एकच छोटी खिडकी. त्याच दुपारच्या वेळेला तिथे ३२ होतं, कूलरशिवाय. काका म्हणाले, खोली रिकामीच आहे. काकूंनी विचारलं, "रोज तू येणार का?" मी आठवड्यातून एकदा-दोनदा येऊ शकतो, रोज नाही. साप काकूंच्या भरवशावर ठेवणं म्हणजे पाळणारी ती, मी नाही.

त्यामुळे आत्ता नाही. पण सोडूनही देत नाही. पुढच्या वर्षी यावलला बदली मागता येते का ते बघतोय, घरचं रान आणि काकांचं वयही आहेच. तोवर वर्षभर त्या खोलीचं तापमान आणि ओल लिहून ठेवायचं ठरवलंय, मे आणि जानेवारी दोन्ही. पशुवैद्य साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पुण्यातल्या एका डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, प्राणी घ्यायच्या आधी फोन करणारे कमी असतात.

ताई, किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर घेतलाय. तो खोलीत कुठे लावू?

शिरपूरची लेक

भिंतीवर डोळ्याच्या उंचीला नको, तिथला आकडा तुमच्यासाठी आहे. पेटी जिथे येणार त्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, खिडकीच्या उन्हापासून लांब. दुसरा एक तीन-चार फुटांवर लावा, कारण फांदीवर चढला की साप तिथे असणार आणि वरची हवा जास्त तापते. पावसाळ्यात धाबं पाझरतं का तेही बघा. पाझरत असेल तर पेटी त्या भिंतीला चिकटवता येणार नाही, आणि आठ फुटांचं माप बदलेल.

तापीतीर

धाबं पश्चिमेच्या बाजूनं पाझरतं, काकांनी यंदा खारी माती टाकायची ठरवली आहे. दुसरा थर्मामीटर आणतो. जूननंतरचे आकडे इथेच टाकेन.